दुसऱ्याच्या आवतणाची बुटी

प्रयागबाई माणसाकडे पायांपासून बघायची. आधी टाचा, मग पोटऱ्या, मग कंबर, हात, मान, आणि सगळ्यात शेवटी तोंड. नागपूरच्या बुधवारी बाजारात तिच्या पालापुढं पहिल्यांदा उभं राहिलेलं गिऱ्हाईक या नजरेनं बुजून जायचं. शेजारी तंबाखू विकणारा चंपतराव मग त्याला धीर द्यायचा. "घाबरू नको गा. बाई तुले उपटून नाही राहिली, नुसती ओळखून राहिली."

थट्टाच ती, पण खोटी नव्हती. प्रयागबाईचा धंदा बुट्यांचा. मुळ्या, पाला, साली, वाळलेली बोंडं असं सगळं गोणपाटावर मांडून ती बसायची. ही विद्या तिच्या सासूची, अंजनाबाईची. सासूची शिकवण सरळ होती. जे लाकूड धरतं ते झाड, लाकूड धरत नाही ती बुटी. बुट्यांत एक जात एका पावसाची. उगवते, फुलते, बी टाकते आणि निरोप घेते. दुसरी दोन पावसांची. पहिल्या साली नुसती पानं धरून जमिनीला चिकटून बसते, दुसऱ्या साली उठून उभी राहते. आणि तिसरी, वरून मरणारी, खालून जगणारी. हिवाळ्यात तिचा मागमूस राहत नाही, पण मातीत मूळ जागं असतं. या तिसरीचं नाव निघालं की अंजनाबाई पदर सावरून बसायची. "हिले मेली म्हणू नये, पोरी. ते खाली बसून आयकून राहिली असते."

नाव निघालं असं म्हटलं खरं, पण डोंगरात बुटीचं नाव घ्यायचंच नाही, हा या घरचा नेम. नावं वाण्याच्या डब्यावर ठीक. डोंगरात बुटीची उभी ओळख सांगायची, म्हणजे मुळापासून वर. मुळी जाड की केसाळ? कांडं गोल की चौकोनी? पानं समोरासमोर बसलेली, की एक इकडे एक तिकडे, की पेराभोवती फेर धरून? पानाची कड सपाट की करवती? लव पोटाला की पाठीला? देठ मोडला तर दूध येतं, की पाणी येतं, की काहीच येत नाही? मग फूल, मग बोंड. हे सारं न अडखळता म्हणता आलं की त्या दोघींच्या लेखी बुटी ओळखली गेली.

आणि बुटी हवी असेल तर आदल्या सांजेला तिला आवतण द्यायचं. बुंध्याशी पिवळे तांदूळ टाकायचे, कांड्याला कच्चं सूत बांधायचं, तिची उभी ओळख तिलाच म्हणून दाखवायची आणि सांगायचं, अमक्यासाठी हवी आहेस, सकाळी नेते, तयार राहा. सकाळी आपली सावली तिच्यावर पडू न देता उपटायची आणि मुळाचा एक तुकडा मातीत ठेवायचाच. हे सगळे नेम अंजनाबाई कारणासकट समजावून द्यायची. एका नेमाचं कारण मात्र तिनं कधी दिलं नाही. दुसऱ्यानं आवतण दिलेल्या बुटीला हात लावायचा नाही. "लावला तर का होते?" असं प्रयागबाईनं नवी सून असताना विचारलं होतं. सासूनं तिच्याकडं पायांपासून वरपर्यंत पाहिलं आणि चुलीतलं लाकूड पुढं सारलं.

प्रयागबाईचा नवरा शालिकराम मात्र या विद्येत कधी रमला नाही. त्याचा जीव खडी गंमतीत. उभ्यानं रंगणारा तो खेळ, ढोलकी, टुणटुणं, चोणकं, लुगडं नेसलेला नाच्या, आणि मधोमध शाहीर शालिकराम. काय तो आवाज! भरदार, थोडासा खरखरीत, गुळाच्या ढेपेसारखा. सावनेरला जिनिंगच्या आवारात गंमत उभी राहिली की मागं बैलगाड्यांवर बसलेल्या माणसालाही त्याचा शब्द न् शब्द लागायचा. भोंगे तेव्हा आले होते, पण शालिकरामपुढं भोंगा म्हणजे दुपारी कंदील. कोणत्याही खेळात तो गर्दीतून आपल्या बायकोला शोधायचा आणि ती उठायला लागली की गाण्यातच ओळ टाकायचा, "थांब ना वं, प्रयाग." लोक हसायचे. ती पदर तोंडाला लावून पुन्हा खाली बसायची.

सदुसष्ट सालच्या पावसाळ्याअखेर त्याला ताप आला. ताप उतरला तो आवाज घेऊनच. रामदासपेठेतल्या डॉक्टरांनी घशात आरसा घालून पाहिलं आणि मान हलवली. शालिकराम ओठ हलवायचा, आतून नुसता वारा यायचा. गंमतीच्या पार्टीनं दुसरा शाहीर धरला. शालिकराम पालाच्या मागं, गोणपाटाच्या आडोशाला बसून मुळ्यांच्या जुड्या बांधू लागला. लोक विचारपूस करायला आले की तो तोंडावर उपरणं ओढून झोपल्याचं सोंग घ्यायचा. जन्मभर सोंगं केलेला माणूस, पण हे एक त्याला मुळीच जमत नव्हतं. त्याच्या पापण्या थरथरायच्या. प्रयागबाईला ते बघवत नसे. तिनं ज्येष्ठमध दिला, गुंजेचा पाला चघळायला दिला, अडुळसा झाला. उरली होती एकच बुटी. सासूनं हयातीत एकदाच, रामटेकला गडाच्या मागच्या उतारावर दाखवलेली.

दिवाळी तोंडावर आली होती. वरून मरणाऱ्या बुट्यांचे ते शेवटचे दिवस. प्रयागबाई पॅसेंजरनं रामटेकला गेली, पायथ्याच्या धर्मशाळेत पाठ टेकली आणि पहाटे उतारावर निघाली. आज शोधायची, सांजेला आवतण द्यायचं, उद्या न्यायची, असा तिचा बेत. उजाडता उजाडता एका काळ्या दगडाच्या कुशीत ती दिसली. खालची पानं पिवळी पडलेली, वर एकच फूल. प्रयागबाईनं पुटपुटत मुळापासून ओळख सुरू केली आणि पहिल्याच शब्दाला थांबली.

बुंध्याशी पिवळे तांदूळ होते. कांड्याला कच्चं सूत होतं.

तिनं अख्खा उतार पालथा घातला. दुसरी नव्हती. परत येऊन ती दगडापाशी बसली. ज्यानं आवतण दिलं तो येईल, त्याच्याकडून एक बोटभर मुळी मागून घेऊ, असं तिनं मनाशी ठरवलं होतं. कोणी आलं नाही. सूर्य गडाच्या मागून वर आला. सूर्य वर आला की आवतण फुकट जात असेल, असं तिच्या मनात आलं. तसं तिला कोणी सांगितलेलं नव्हतं. मग पालामागची ती थरथरती पापणी डोळ्यांपुढं आली.

तिनं सूत सोडलं, पदराच्या गाठीत बांधलं, आणि बुटी उपटली. सवयीनं मुळाचा तुकडा मातीत ठेवला. मुळी सुटताना जमिनीतून बारीकसा आवाज आला. हाक मारल्यावर झोपेतल्या माणसानं "ओ" द्यावी, तसा. उतरताना तिला जाणवलं की सकाळची वेळ असून डोंगरात एकही पाखरू बोलत नव्हतं.

मुळी सहाणेवर उगाळली, मधात दिली. औषध चालू झालं आणि एका दुपारी, पालात गिऱ्हाईक नव्हतं, चंपतराव डुलक्या काढत होता, तेव्हा आडोशामागून आवाज आला.

"माय, पाणी दे वं."

प्रयागबाईनं आधी रस्त्यावर पाहिलं. कोवळा, बारीक, शेवटचं अक्षर थोडं लांबवणारा तरुण पोराचा आवाज होता तो. मग आडोसा सारला. शालिकराम हातातली जुडी खाली टाकून स्वतःच्या गळ्याला हात लावून बसला होता.

"प्रयाग," तो म्हणाला. तोच कोवळा आवाज. "हे मीच बोलून राहिलो का?"

ती हसली, रडली, पाणी आणायला धावली. चंपतरावानं बाजारभर पेढे वाटले. "बायकोनं नवराच नवा करून आणला. आवाज तर मिसरूड फुटायच्या आधीचा आहे." सगळे हसले, शालिकरामही हसला. आवाज बदलला तर बदलला, आजारातून उठलेल्याचे केससुद्धा वेगळे उगवतात, असं लोकांनी ठरवून टाकलं.

पण हळूहळू घरात काहीतरी येऊन राहिल्यासारखं झालं. शालिकराम ठरवून बोले तेव्हा शब्द त्याचे असत. डोळा लागता लागता, किंवा हातातल्या कामात मन गुंतलं की भलतंच बाहेर पडायचं. "माय, शेळी सुटली." त्यांच्याकडं शेळी नव्हती. "माय, डोंगा दोराले बांधला नाही, वाहून जाईल." शालिकराम जन्मात डोंग्यात बसला नव्हता. बोलून झालं की तो दचकून तोंडावर हात ठेवायचा, जणू पंगतीत दुसऱ्याच्या पानातला घास चुकून तोंडात गेला. प्रयागबाई स्वयंपाक करताना पाठमोरी असली की तिला वाटे, आपल्यामागं नवरा नाही, एक पोरगं बसलं आहे आणि ते आपल्याला आई समजून राहिलं आहे. ती वळायची नाही.

पार्टीनं बोलावलं. पारडीच्या मैदानात गंमत उभी राहिली, शाहीर शालिकराम परत आला म्हणून गर्दी लोटली. त्यानं हात वर करून गण उचलला आणि मैदान गप्प झालं. रंगात आलेलं मैदान गप्प होतं ते वेगळं. हे घाबरून गप्प झालं. पुढं बसलेल्या बाया मागं वळून पाहू लागल्या. ढोलकीवाला वाजवता वाजवता थांबला आणि खालच्या आवाजात म्हणाला, "शालिकदादा, तू तर समोर उभा आहे. मंग मागून कोण गाऊन राहिलं?"

त्या दिवशी प्रयागबाई उठायला लागली तरी गाण्यात ओळ आली नाही. घरी येताना शालिकराम एवढंच म्हणाला, "मले गाता येते, प्रयाग. पण गाणारा मी नाही."

तिनं पदराची गाठ चाचपली. सूत तिथंच होतं.

उत्तर मिळालं ते शिंगाड्यांच्या हंगामात. एक म्हातारी डोक्यावर रिकामी टोपली घेऊन पालासमोर उभी राहिली. प्रयागबाईची नजर सवयीनं पायांशी गेली. तळ्याच्या चिखलानं भेगाळलेल्या टाचा, पोटऱ्यांवर शेवाळाची हिरवट रेघ, शिंगाडे उकडून काळी पडलेली बोटं. आणि चेहरा येईपर्यंत म्हातारी बोलू लागली होती.

"मुळी पांढरी, मोडली तर आतून पिवळी. कांडं चौकोनी, पेरापेराले तांबूस. पानं समोरासमोर, कड करवती, लव पोटाले, पाठीले नाही. फूल निळं, खालचा ओठ पुढं आलेला. बोंड मिटलेलं." म्हातारी थांबली. "हाये का वं तुह्याकडं? गडावर होती, म्या आवतण दिलं होतं. सकाळी पोराले झटका आला, निघायले उशीर झाला. पोहचली तं नुसता खड्डा."

प्रयागबाईचा हात पदराच्या गाठीवर गेला. चंपतरावानंच विचारलं, "कोण गावची व्हय, बाई?"

"भीमाबाई. रामटेकची, अंबाळ्याच्या तळ्याकाठची. पोराचा घसा धरला होता, मनोहरचा. थोडंथोडं बोलत होता. त्याच सकाळी तेही गेलं."

तेवढ्यात आडोशामागून, जुड्या बांधण्यात गुंतलेल्या शालिकरामच्या तोंडून आलं, "माय, आली का वं? जेवली का?"

टोपली खाली पडली. भीमाबाईनं आडोशाकडं पाहिलं, प्रयागबाईकडं पाहिलं. तिला काही सांगावं लागलं नाही. प्रयागबाईला वाटलं आता ही आपल्या झिंज्या धरील, बाजार गोळा करील, शिव्याशाप देईल. ती मनातून त्याला तयारसुद्धा होती. भीमाबाई गोणपाटाच्या कडेला खाली बसली, गुडघ्यांवर हात ठेवले आणि आडोशाकडं तोंड करून म्हणाली,

"बोल ना गा अजून."

त्यानंतर शिंगाडे विकून झाले की ती यायची. काही मागायची नाही. बसायची. शालिकराम काय बोलायचा ते तिच्यासाठी महत्त्वाचं नव्हतं. तो जुड्या मोजायचा, चंपतरावाला चुना मागायचा, आणि म्हातारी डोळे मिटून ऐकायची. जाताना प्रयागबाईच्या हातावर चार उकडलेले शिंगाडे ठेवायची. प्रयागबाईला ते गिळता येत नसत. शिव्या परवडल्या असत्या.

होळीच्या सुमारास एका सांजेला तिनं पदराची गाठ सोडली आणि सूत नवऱ्याच्या तळहातावर ठेवलं. सगळं सांगितलं. मुळापासून, वरपर्यंत.

शालिकराम बराच वेळ सूत बोटाभोवती गुंडाळत, सोडत बसला. मग म्हणाला, "आमच्या पार्टीत नाच्याले शालू लागायचा. कोण्या मोठ्या घरून उसना आणाचा. खेळ कितीही रंगला तरी सकाळी घडी करून परत. नाच्याले रडू यायचं कधी कधी. पण परत."

"परत दिलं तं तुमचं का राहील?" प्रयागबाई म्हणाली. "पहिला आवाज तं गेलाच. पुन्हा तो वारा. पुन्हा तोंडावर उपरणं."

"तोंडावर उपरणं नाही घेणार," तो म्हणाला. "तेवढं सोंग सोडलं मी."

पाऊस पडून गेल्यावर, भीमाबाईला आधी सांगून, ते दोघं रामटेकला गेले. वरून मेलेली बुटी खालून उठली होती. काळ्या दगडाच्या कुशीत, त्याच खड्ड्यातून, आधीपेक्षा भरगच्च. भीमाबाई वाट दाखवल्यासारखी पुढं चालत होती. मनोहर तिच्यामागं, उंच, सडपातळ, मिसरूड फुटलेला, मुका. शालिकरामकडं तो असा बघत होता जसा माणूस आपलाच सदरा घातलेल्या परक्याकडं बघतो.

सांज झाली. प्रयागबाईनं पिवळे तांदूळ टाकले. तेच जुनं सूत तिनं कांड्याला बांधलं. आवतण मात्र शालिकराम देणार होता, ज्याच्याकडं आवाज होता त्यानंच द्यायला हवं होतं. या विद्येत कधी न रमलेल्या त्या माणसानं आठवडाभर घोकून ओळख पाठ केली होती, एखाद्या खेळाची संहिता करावी तशी. तो दगडासमोर ताठ उभा राहिला, हात जोडले, आणि त्या कोवळ्या, शेवट लांबवणाऱ्या आवाजात म्हणू लागला.

"मुळी पांढरी, मोडली तर आतून पिवळी. कांडं चौकोनी..."

वारा नव्हता, तरी पानं एक एक करून त्याच्याकडं वळत आहेत असं प्रयागबाईला दिसलं. खालून वर, ज्या क्रमानं तो म्हणत होता त्याच क्रमानं. मनोहर आईचा हात धरून उभा होता आणि त्याचा गळा, शब्द न फुटता, लाटेसारखा हलत होता.

"मनोहरसाठी पाहिजे. सकाळी नेतो, तयार राहा," हे शालिकराम ओळख संपायच्या आधीच म्हणून मोकळा झाला, शेवटपर्यंत आवाज पुरेल याची त्याला खात्री नव्हती. मग ओळखीतलं फूल आलं, निळं, खालचा ओठ पुढं आलेलं. मग "बोंड..." म्हणाला, आणि पुढचा शब्द ओठांवर आला पण बाहेर आला नाही. ओठ तेवढे मिटले.

सकाळी बुटी भीमाबाईनं आपल्या हातानं उपटली. मुळाचा तुकडा मातीत ठेवला. त्यानंतर ती बुधवारीत आली नाही. मनोहर बोलायला लागला की नाही, हे प्रयागबाईला कळलं नाही, आणि विचारायला जाण्याचा धीर तिला झाला नाही. शालिकराम पालाच्या मागं नव्हे, पुढं बसू लागला, उघड्या तोंडानं. खुणांनी तो गिऱ्हाइकांशी असा बोले की चंपतराव म्हणे, आता याच्या हाताले घसा धरू नये म्हणजे झालं. त्याच्या तोंडून मग कधी शेळी सुटली नाही, डोंगा वाहून गेला नाही. घर शांत झालं. प्रयागबाईला कधी कधी ती शांतताही पाठीमागं बसल्यासारखी वाटे.

पुढं काही वर्षांनी, शालिकराम पार पिकला असताना, ती दोघं त्रिपुरी पौर्णिमेच्या जत्रेला रामटेकला गेली. दुपारची वेळ, अंबाळ्याच्या वाटेवर ही गर्दी. पिपाण्या, पाळणे, रेवड्या. त्या सगळ्या कलकलाटातून एक आवाज वर आला आणि प्रयागबाईचे पाय जागच्या जागी थांबले.

भरदार. थोडासा खरखरीत. गुळाच्या ढेपेसारखा. भोंग्याशिवाय शेवटच्या बैलगाडीपर्यंत जाणारा.

"या गा, या वं! अंबाळ्याचे शिंगाडे! गोड नाही निघाले तं पैसे परत!"

शिंगाड्यांच्या ढिगामागं मनोहर उभा होता, आता चांगला बाप्या झालेला. शेजारी तराजू धरून भीमाबाई. प्रयागबाईनं त्याच्याकडं पायांपासून वर पाहायला सुरुवात केली. टाचा आईच्या, खांदे स्वतःचे, गळा स्वतःचा. आणि त्या गळ्यातून निघणारा आवाज तिच्या तरुणपणाचा. तिला आठवलं, त्या सांजेला आवतण शालिकरामनं दिलं होतं, आणि सकाळी हात दुसरीनं लावला होता.

तिनं भीतभीत नवऱ्याकडं पाहिलं. शालिकराम हसत होता. त्याचे ओठ हलत होते. विंगेतला माणूस नटाला पुढची ओळ सुचवतो तसे, मनोहरच्या जरासे आधी. आधी शालिकरामचे ओठ "या वं" म्हणत, मग ढिगामागून "या वं" येई.

"काय पाहिजे, बाबा?" मनोहरनं त्याला विचारलं. ओळख पटल्याचं त्याच्या चेहऱ्यावर दिसलं नाही. शालिकरामनं ओंजळ पुढं केली. भीमाबाईनं मान वर केली नाही, फक्त ओंजळीत मावतील त्याहून जास्त शिंगाडे घातले. काही खाली घरंगळले.

प्रयागबाईनं ते वेचून पिशवीत टाकले. ऊन कलत चाललं होतं. तिनं नवऱ्याचा दंड धरला, म्हणाली, "चला, गाडी चुकल," आणि वळली.

शालिकरामचे ओठ हलले.

ढिगामागून, गिऱ्हाइकाचे शिंगाडे मोजता मोजता, मान खाली घालून मनोहर म्हणाला, "थांब ना वं, प्रयाग."

म्हणाला आणि दचकला. तोंडावर हात ठेवून तो आईकडं बघू लागला. भीमाबाईच्या हातातला तराजू तसाच अधांतरी राहिला. मग तिनं आपल्या बाजूचं गोणपाट थोडं सारून जागा केली.

प्रयागबाईनं पिशवी खाली ठेवली. गुडघ्यांवर हात ठेवून ती त्या गोणपाटाच्या कडेला बसली, डोळे मिटले, आणि म्हणाली,

"बोल ना गा अजून."